शरणपूर रोडवरून झांझिबारला

माझं नाशिकमधलं सगळं आयुष्य शरणपूर रोडच्या आसपास गेलं. शाळेला जाताना तोच रस्ता, बँकेत लागले तेव्हा तोच, आणि आता गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जायलाही तोच. कॅनडा कॉर्नरला कॅनडाचं काय आहे, असा प्रश्न लहानपणी पडायचा. पण शरणपुरात कोण कोणाला शरण आलं होतं, हे विचारायचं साठ वर्षांत कधी सुचलं नाही.

निवृत्तीनंतर एका व्याख्यानाला गेले होते, तिथे उत्तर मिळालं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ही वसाहत उभी केली. पुढे तिथेच आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रम निघाला. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यात सापडलेल्या मुलांना घरी पोचवणं शक्य नसायचं, कारण घर कुठे हे त्या मुलांनाच सांगता यायचं नाही. मग ती मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली काही नाशिकला यायची. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकायची. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नाशिक बॉइज’ म्हटलेलं आहे.

माझी भाची मृण्मयी टांझानियात, दार-एस-सलामला नोकरी करते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, “मावशी, ती गलबतं जिथून सुटायची ते बेट माझ्या घरापासून दोन तासांवर आहे. ये की.”

दिवाळीच्या आधी सहा दिवसांसाठी गेले.

दिवस पहिला

पहाटे दार-एस-सलामला उतरले. मृण्मयी त्याला नुसतं ‘दार’ म्हणते. आज विश्रांती मिळेल अशी समजूत होती, पण मृण्मयीने दुपारच्या बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. बंदरावर माझी बॅग उचलणारा पोरगा वाकून म्हणाला, “शिकामू, मामा.” मी इकडेतिकडे बघायला लागले, मामा कोण आला म्हणून. स्वाहिलीत वयस्कर बाईला मामा म्हणतात, आणि शिकामू हा मोठ्या माणसाला करायचा नमस्कार. मोठ्यांनी त्यावर ‘मारहाबा’ म्हणायचं. मृण्मयी म्हणाली, शिकामू म्हणजे शब्दशः ‘तुमचे पाय धरतो’. आपल्या पाया पडण्यासारखंच की, असं म्हणून मला बरं वाटलं. तर तिने पुढे सांगितलं की इथल्या काही लोकांना हा नमस्कार आवडत नाही. तो गुलामाने मालकाला करायचा नमस्कार होता, असं ते मानतात. पुढचे सहा दिवस कोणी शिकामू म्हटलं की माझं मारहाबा अर्ध्यातच अडखळायचं.

बोट दोन तासांची. मधल्या खाडीत इतकी हलली की समोरच्या बाकावरचे तिघे कागदी पिशव्यांत तोंड घालून बसले होते. मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली, निम्मी झाली. उतरल्यावर पासपोर्टवर पुन्हा शिक्का! देश एकच, तरी झांझिबारचा थाट वेगळा.

संध्याकाळी समुद्राकाठच्या फोरोधानी बागेत गेलो. शेगड्यांवर मासे, आलं-लिंबू घातलेला उसाचा रस, आणि ‘झांझिबार पिझ्झा’ नावाचा प्रकार, जो आपल्या बैदा रोटीचा सख्खा भाऊ आहे. उरोजो नावाच्या आंबट पिवळ्या सारात चक्क भजी टाकलेली होती, आणि तिचं स्वाहिली नाव ‘बजिया’. फोरोधानी म्हणजे काय, असं रसवाल्याला विचारलं. फोरोधा म्हणजे जकात. म्हणजे ही जागा ‘जकातीपाशी’. तेव्हा मी फक्त मान हलवली. रस छान होता.

दिवस दुसरा

गुलामांचा बाजार भरायचा त्या भागाचं नाव म्कुनाझिनी. म्कुनाझी म्हणजे बोरीचं झाड, म्हणजे ही ‘बोरीपाशी’ची जागा. आपल्याकडे बोरिवली असते, तसं. असं घरगुती नाव ऐकून मला उलट जास्त कसंतरी झालं.

आता तिथे मोठं अँग्लिकन चर्च आहे. शेजारच्या जुन्या मिशनच्या इमारतीखाली तळघरं आहेत आणि वर प्रदर्शन. गाईड साठीच्या आसपासचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी शिक्षकासारखं. आधी ते आम्हाला तळघरात घेऊन गेले. दगडी पायऱ्या उतरताना मृण्मयीने माझा दंड धरला होता. खाली दोन खोल्या. छत इतकं ठेंगणं की मीही वाकले, आणि मी पाच फूट एक इंच आहे. दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मध्ये खोल चर, आणि वर समुद्राच्या दिशेला हातभर फटी. गाईड म्हणाले, एका खोलीत पाऊणशे बायका-मुलं, दुसरीत पन्नास पुरुष. भरतीचं पाणी चरात यायचं आणि घाण धुऊन न्यायचं. आमच्याबरोबरच्या एका बाईंना रडू आलं आणि त्या वर निघून गेल्या.

मला रडू आलं नाही. बँकेत चौतीस वर्षं काढल्यामुळे असेल, मला आधी तारखा दिसतात. बाजार बंद झाला १८७३ मध्ये. ही इमारत मिशनच्या दवाखान्याची, नंतरची. मग तिच्याखालचं तळघर बाजाराच्या काळातलं कसं? बाकीचे पुढे गेल्यावर मी हळूच विचारलं. गाईड क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मामा, काही इतिहासकार हेच म्हणतात, की ही दवाखान्याची कोठारं असावीत. पण लोकांना खाली जायचं असतं. वर त्यांना काही दिसत नाही.”

ते खरं होतं. बाजार म्हणजे उघडं मैदान, आणि मैदान जतन कसं करणार? त्यावर आता चर्च आहे, बाग आहे, शाळेच्या मुली डबा खात बसल्या आहेत.

मग ते मैदान मी माझ्या मनाशी उभं करायचा प्रयत्न केला. १८११ साली मुंबई सरकारने कॅप्टन स्मी नावाच्या अधिकाऱ्याला जहाज देऊन पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याची पाहणी करायला पाठवलं होतं. तेव्हा बाजार गावात दुसऱ्या जागी भरायचा, पण रीत तीच. त्याने लिहून ठेवलंय की बाजार दुपारी चारच्या सुमाराला सुरू व्हायचा. उन्हं उतरली की. विकायच्या माणसांच्या अंगाला खोबरेल चोपडून चमक आणायची, चेहऱ्यावर लाल-पांढरे पट्टे, हातापायांत कडी. मग उंचीप्रमाणे रांग लावायची, सगळ्यांत लहान पुढे. मालक पुढे चालत किंमत ओरडायचा. गिऱ्हाईक थांबलं की रांग थांबायची. दात बघायचे, हातपाय वाकवून बघायचे, घोरतो का विचारायचं. बायकांना कसं तपासायचे तेही त्याने लिहिलंय, मी इथे लिहीत नाही.

चार वाजताची वेळ माझ्या डोक्यात बसली. आपणही भाजी घ्यायला चारनंतरच बाहेर पडतो.

वर आल्यावर बागेतलं स्मारक पाहिलं. क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकार बाईने ते १९९८ मध्ये केलं. जमिनीत एक चौकोनी खड्डा, त्यात दगडाची पाच माणसं कमरेपर्यंत रुतल्यासारखी, गळ्यांत लोखंडी कडी आणि साखळी. साखळी खरी, त्या काळातली. पाचही जण वेगवेगळीकडे बघतात. कोणी कोणाकडे बघत नाही. तळघरात जे झालं नव्हतं ते इथे झालं, आणि मला बाकावर बसावं लागलं. मृण्मयीने पाण्याची बाटली पुढे केली आणि काही बोलली नाही, ते बरं केलं.

चर्चची पायाभरणी १८७३ च्या नाताळात झाली, म्हणजे बाजार बंद झाल्यावर सहा-सात महिन्यांनी. बिशप एडवर्ड स्टीअरने ते बांधवून घेतलं. मोठ्या वेदीसमोर जमिनीत पांढऱ्या संगमरवराचं एक वर्तुळ आहे आणि त्याभोवती लाल. परंपरा सांगते की तिथे फटक्यांचा खांब होता: माणसाला बांधून फटके मारायचे, आणि जो कमी ओरडेल त्याची किंमत जास्त. दाराजवळचे काही खांब उलटे बसवलेले आहेत. बिशप बाहेरगावी गेला असताना गवंड्यांनी ते तसे बसवले, अशी गोष्ट. उलटे तर उलटे, छत दीडशे वर्षं पडलेलं नाही! एका खांबावर साधा लाकडी क्रूस आहे. तो ज्या झाडाचा, त्या झाडाखाली आफ्रिका पालथी घालणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्याचं काळीज पुरलेलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईल, कारण तीत नाशिक आहे.

गाईड म्हणाले, मिशनला मिळालेल्या जागेतला एक तुकडा एका हिंदू व्यापाऱ्याने दान दिला होता. मला छान वाटलं. किती छान वाटलं ते मुद्दाम लिहून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी ते टिकलं नाही.

बाजार बंद कसा झाला तेही वरच्या प्रदर्शनाने नीट समजलं. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर (ज्याने मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले, तोच) १८७३ च्या सुरुवातीला इथे सुलतान बरघशकडे करार घेऊन आला. आदल्या वर्षीच्या वादळाने बेटावरची लवंगेची झाडं झोपली होती, सुलतान कर्जात होता. तो नाही म्हणाला. फ्रिअर परत गेला. मग इथला ब्रिटिश कॉन्सल जॉन कर्कने बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी दिली, आणि ५ जून १८७३ ला सही झाली. बाजार बंद, समुद्रातून गुलाम नेणं बंद. पण गुलामी बंद झाली नाही. लवंगेच्या बागांत राबणारे होते तसेच राहिले. कायद्याने गुलामी रद्द केली ती १८९७ मध्ये, आणि तीही गुलामाने स्वतः अर्ज केला तर. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. मालकाच्या घरात ठेवलेल्या बायकांना तर १९०९ पर्यंत थांबावं लागलं.

रात्री जेवले नाही. पोटही बोटीपासून बिघडलेलंच होतं, उगाच सगळं दुःखावर ढकलायला नको.

दिवस तिसरा

आज पायी स्टोन टाउन, म्हणजे झांझिबारचं जुनं गाव. बोळ इतके अरुंद की समोरून सायकल आली की भिंतीला चिकटावं लागतं. दरवाजे मात्र बघत राहावेत असे: पितळी खिळ्यांचे, वेलबुट्टीचे, कित्येक सरळ गुजराती धाटणीचे. काहींच्या चौकटीवर साखळी कोरलेली असते. रस्त्यावरचा कोणीही भेटेल तो सांगतो, ही गुलामांच्या व्यापाऱ्याच्या घराची खूण. मला ते पटलं नाही. खूण म्हणून कोणी स्वतःच्या दारावर धंदा कोरत नसावं.

एका घरापुढे तरुण पर्यटकांची गर्दी होती. ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी इथला. त्याचं शिक्षण आपल्या पाचगणीला झालं, हे मी एका जर्मन मुलीला सांगितलं. तिला पाचगणी कुठे हे सांगता सांगता पुढचा अर्धा तास गेला.

टिपू टिपचं घर शोधलं. आत लोक राहतात, बाहेरूनच बघायचं. हा माणूस हस्तिदंत आणि गुलामांचा सगळ्यांत मोठा व्यापारी, पार काँगोपर्यंत त्याची सत्ता होती, आणि १९०५ मध्ये याच गावात म्हातारा होऊन मेला. त्याच्या तांड्यांना पैसा पुरवला तो तारिया टोपण या कच्छी खोजा शेटजींनी. टोपण शेटजींनीच समुद्राकाठच्या त्या देखण्या नक्षीदार सज्जांच्या दवाखान्याची कोनशिला १८८७ मध्ये बसवली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीसाठी. आम्ही तिच्यासमोर फोटो काढला होता. नंतर कळलं.

आणि मग जकात. पहिल्या संध्याकाळी रस प्यायला ती बाग ज्या जकातनाक्याच्या नावाची, त्या नाक्याचा मक्ता १८३० च्या दशकापासून अनेक वर्षं जयराम शिवजींच्या पेढीकडे होता. मुंद्र्याचे कच्छी भाटिया. पद्धत आपल्या ओळखीचीच: सुलतानाला ठरावीक रक्कम द्यायची आणि वसुली आपण करायची. लवंग, हस्तिदंत, कापड, आणि डोई मोजून माणसं. १८६० च्या दशकात वर्षाला पंधरा ते वीस हजार माणसं या नाक्यावरून गेली. सुलतानही या पेढीचा कर्जदार होता.

हे चक्र मी बँकवालीच्या डोक्याने समजून घेतलं. पेढी तांड्याच्या म्होरक्याला उधारीवर माल देणार: अमेरिकेचं जाडंभरडं कापड, ज्याला इथे ‘मेरिकानी’ म्हणत, हिंदुस्थानातलं निळं कापड, मणी, पितळी तार. तांडा आत टबोरा, उजीजीपर्यंत जाणार. वर्ष-दोन वर्षांनी हस्तिदंत आणि माणसं घेऊन किनाऱ्याला येणार. हस्तिदंत मुंबईला जाणार आणि तिथून निम्मं जग त्यावर बिलियर्ड खेळणार, चुडे घालणार. उधारी व्याजासकट वळती. कोणीही हातात चाबूक न घेता हा व्यवहार पूर्ण होऊ शकत होता. माझ्या आजीची एक हस्तिदंती फणी होती, तिचे दात पिवळे पडले होते. ती कुठून आली असेल, ते आता नको.

दुपारी एका जुन्या दुकानात शिरलो. दुकानाला स्वाहिलीत ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, लाखाला ‘लाकी’, आणि चेकला अजून ‘हुंडी’! काउंटरवर ऐंशीच्या घरातले कच्छी आजोबा. आम्ही हिंदुस्थानातून आलो म्हटल्यावर चहा मागवला. १९६४ च्या क्रांतीत अरबांच्या कत्तली झाल्या, आपले लोकही मेले, बहुतेक पळाले, आमचं एकच घर या गल्लीत उरलं, हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मला धीर आला आणि मी जकातीबद्दल विचारलं. त्यांनी कपाचा कान दोनदा फिरवला. मग हिंदीत म्हणाले, “बहन, हमारे लोग तो बस हिसाब लिखते थे।”

बाहेर पडल्यावर मृण्मयी चिडली होती. “बस हिसाब! आणि हिंदी माणसांकडे घरात गुलाम होते त्याचं काय?” तिचं बरोबर होतं. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामीची मान्यता काढून घेतली होती, तरी इथले हिंदी व्यापारी घरात आणि बागांत गुलाम ठेवत होते. १८६० च्या सुमाराला कॉन्सल रिग्बीने त्यांना जबरदस्तीने हजारो माणसं सोडायला लावली.

“पण ते कच्छी, मावशी. आपण मराठी लोक तर नव्हतो इथे.”

मी म्हटलं, “पेशवाईच्या कागदांत कुणबिणींची खरेदी-विक्री किमतीसकट आहे. गाईंच्या खरेदीसारखी. त्यांना इथे यायची गरज नव्हती, एवढंच.”

ती गप्प झाली आणि मीही. मला त्या आजोबांवर चिडता येईना. मी चौतीस वर्षं बस हिसाबच लिहिला. कर्जाच्या फाईलवर शेरा मारताना त्या कर्जाचं पुढे काय होतं, हे मी किती वेळा विचारलं?

स्वाहिलीत गुलामाला ‘म्टुम्वा’ म्हणतात. मूळ अर्थ, ज्याला पाठवलं जातं तो.

दिवस चौथा

सकाळी मसाल्याची बाग. सगळे पर्यटक करतात, आम्हीही केली. वेलची, दालचिनी, जायफळ, आणि झाडावर चढून गाणं म्हणणारा एक पोरगा. लक्षात राहिली ती लवंग. उमलायच्या आधी कळी हाताने खुडायची, देठासकट घोसच्या घोस, मग निवडायच्या, मग चटईवर वाळवायच्या. उमलली की गेली. रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत होत्या आणि गाडीच्या काचा बंद असूनही वास आत येत होता. ही झाडं ओमानी अरबांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आणली. सुलतान सय्यद सईदला ती इतकी लाभली की त्याने मस्कत सोडून राजधानीच इकडे हलवली. कळ्या खुडायला हात लागतात, आणि ते हात म्कुनाझिनीच्या मैदानावर मिळत होते. किनाऱ्यावर आणलेली सगळीच माणसं पुढे अरबस्तानात गेली, असं मला वाटायचं. पुष्कळशी इथेच, या झाडांखाली राहिली.

दुपारी मंगापवानी, शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटर. प्रवाळाच्या खडकात खोदलेली लांबट खोली, वर छप्पर, आत उतरायला पायऱ्या. बाहेर रान, पलीकडे समुद्र. १८७३ नंतर चोरटा व्यापार चालू राहिला तेव्हा माणसं इथे लपवून ठेवायचे आणि रात्री गलबतावर चढवायचे. इथे तारखांचा घोळ नव्हता, की तिकीट खिडकीची रांगही नव्हती. मी दोन मिनिटं आत उभी राहिले. वटवाघळाचा वास होता. एवढंच. म्कुनाझिनीला कायदा येऊन पोचला होता आणि इथे ही खोली खणली जात होती.

दिवस पाचवा

परतीची बोट, शांत समुद्र, दारला पोचेपर्यंत धो धो पाऊस. मृण्मयीच्या घरी कांदेपोहे. गुडघ्यांना तेल. दुसरं काही केलं नाही.

दिवस सहावा

बागामोयो दारच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटर. आतल्या प्रदेशातून निघालेले तांडे इथे समुद्राला भेटायचे, आणि समोर झांझिबार. नावाची फोड दोन तऱ्हांनी करतात. कोणी म्हणतं, हृदय इथेच टाका, पुढे परतीची वाट नाही. हा गुलामांचा अर्थ. कोणी म्हणतं, जिवावरचं ओझं उतरवा, पोचलो एकदाचे, हा हमालांचा. महिनोन्‌महिने डोक्यावर हस्तिदंत वाहून आणणारे हमाल इथे हजारोंनी उतरायचे, त्यामुळे दुसरा अर्थ मला जास्त जवळचा वाटला. मृण्मयीला पहिला.

गावाबाहेर कॅथलिक मिशन आहे, १८६८ चं. आंब्यांची लांबच लांब दुतर्फा रांग. एक अवाढव्य गोरखचिंच, जिच्या बुंध्यात गिळल्यासारखा साखळीचा तुकडा दिसतो. (गुलामांची साखळी असेल म्हणून सगळे फोटो काढतात. ती एका बाईने आपलं गाढव बांधायला लावलेली, असंही सांगतात.) सोडवलेल्या गुलामांसाठी मिशनने इथे एक गावच वसवलं होतं. आणि जुन्या चर्चचा एकटाच उभा राहिलेला मनोरा. मी ज्यासाठी आले तो हा.

लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईत होता. शेवटच्या मोहिमेसाठी त्याने माणसं जमवली, त्यात नाशिकच्या आश्रमातली नऊ मुलं होती. मुंबईतली चुमा आणि सुसी ही जोडीही त्याच मोहिमेतली. चुमाला काही वर्षांपूर्वी गुलामांच्या तांड्यातून सोडवलेलं होतं. सुसी मुंबईच्या गोदीत काम करत होता. पुढे १८७२ मध्ये नाशिकच्या मुलांची आणखी एक तुकडी त्याच्याकडे गेली. त्यात जेकब वेनराइट होता. याओ जमातीचा मुलगा, लहानपणी विकला गेलेला, आरमाराने सोडवलेला, नाशिकला लिहायला शिकलेला.

१ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन आताच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारला. झांझिबारचा बाजार बंद व्हायला तेव्हा पाच आठवडे बाकी होते. बरोबरच्या लोकांना त्याला तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं. विचारणारं कोणी नव्हतं. त्यांनी काळीज आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली. जेकबने इंग्रजीत अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. त्याच झाडाचा क्रूस चर्चमध्ये पाहिला होता. मग शरीराला मीठ लावून उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं, आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर खांद्यावर वाहून आणलं. वाटेत काही जण मेले. १८७४ च्या फेब्रुवारीत ते इथे, बागामोयोला पोचले. या मनोऱ्यात ते शव एक रात्र होतं. दुसऱ्या दिवशी आरमाराने ते ताब्यात घेऊन झांझिबारला नेलं.

शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला तो जेकब. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत एकटा आफ्रिकन तोच. तिथल्या दगडावर कोरलंय की ‘विश्वासू हातांनी’ जमीन आणि समुद्र ओलांडून त्याला इथे आणलं. हातांची नावं नाहीत.

पुढच्याच वर्षी आताच्या केनियात, मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं. ते वसवायला गेला विल्यम प्राइस, म्हणजे शरणपूर ज्याने उभं केलं तोच. मुंबई-नाशिकची आफ्रिकन मंडळीही तिकडे गेली. नाशिकला रस्त्याचं नाव उरलं.

मनोऱ्याच्या सावलीत मी बराच वेळ बसले. ऊन भयंकर होतं. ज्या वयात आम्ही शरणपूर रोडवर चिंचा-बोरं घेत होतो, त्या वयात जेकब तिथेच कुठेतरी इंग्रजी मुळाक्षरं गिरवत असणार. त्याच अक्षरांनी त्याने झाडावर नाव कोरलं. शरणपुराच्या नावाशी माझा आजवर पत्ता सांगण्यापुरताच संबंध आला होता.

निघताना तिथल्या काकांनी नोंदवही पुढे केली. ‘कुठून’ या रकान्यात हाताला सवयीने ‘इंडिया’ लिहायचं होतं. मी ‘नाशिक’ लिहिलं, लिव्हिंग्स्टनच्या डायरीत असतं तसं, मध्ये दोन एस आणि शेवटी सी-के.

मृण्मयीने वाकून पाहिलं. “मावशी, स्पेलिंग चुकलंय.”

“असू दे,” म्हटलं.